हवा काढलेली माती : गच्चीवरच्या प्रकल्पाच्या नोंदी

५ एप्रिल, रविवार

३ मार्चला चंद्र ग्रस्तोदित उगवला, म्हणजे ग्रहण लागलेलाच वर आला. शाळेच्या गच्चीवर आम्ही पंधरा-वीस जण पूर्वेकडे तोंड करून उभे होतो. सावली सरकत होती तेवढ्यात नववीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, सावली पडली तं चंद्र थंड पडत असंन ना? किती?" मी तिथल्या तिथे "खूप" म्हणून मोकळी झाले. घरी आल्यावर ते "खूप" टोचत राहिले. किती, किती वेळात आणि का, यातलं काहीच मी तिला सांगितलं नव्हतं. हा प्रकल्प तिथून सुरू झाला.

आधी आकडे मांडून ठेवते. नागपूरचा उच्चांक ४७.९ अंश (२३ मे २०१३) आणि नीचांक ३.५ अंश (२९ डिसेंबर २०१८). इतक्या वर्षांतला आपला सगळा पसारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांचा. चंद्राच्या विषुववृत्तावर एकाच महिन्यात दुपारचं तापमान सुमारे १२० अंश आणि पहाटेचं उणे १७० च्याही खाली, म्हणजे पसारा जवळजवळ तीनशे अंशांचा. सूर्य तोच आणि सूर्यापासूनचं अंतरही जवळपास तेच. वर्गात विचारलं तर सगळे एका सुरात म्हणाले, "तिथं हवा नाही ना!" उत्तर बरोबर आहे. पण हवा नसल्यावर नेमकं काय होतं, ते कुणालाच सांगता आलं नाही.

ठरलं ते असं : एकसारखी दोन भांडी, दोन्हींत एकसारखी माती. एकात हवा ठेवायची, दुसऱ्यातली काढायची आणि दोन्ही आपल्या एप्रिलच्या उन्हात मांडायची. दिव्याची गरज नाही. ऊन आपल्याकडे भरपूर आहे.

८ एप्रिल, बुधवार

सामान जमलं. भांडी म्हणजे दहा इंची लोखंडी पाइपचे वीतभर उंचीचे दोन तुकडे, तळाला जाड पत्रा वेल्ड केलेला. हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याने कडा लेथवर सपाट करून दिल्या. वरून २५ मिलिमीटर जाडीचं अॅक्रिलिकचं झाकण आणि मध्ये सिलिकॉनची रिंग. भांड्यांना बाहेरून थर्माकोल गुंडाळला, नाहीतर लोखंडच तापून माती बाजूने भाजेल.

झाकण इतकं जाड कशाला, असं मुलांनी विचारलं. हिशेब त्यांच्याकडूनच करून घेतला. आतली हवा गेली की बाहेरची हवा त्या झाकणावर सुमारे पाचशे किलोंचा भार टाकते. आकडा फळ्यावर आला तशी मुलं झाकणापासून दोन पावलं मागे सरकली. डोळ्यांना चष्मा आणि झाकणावर जाळी हा नियम त्याच क्षणी ठरला.

पंप माझ्या धाकट्या दिरांचा. त्यांचं एसी-फ्रीज दुरुस्तीचं काम आहे. गॅस भरायच्या आधी पाइपलाइनमधली हवा आणि ओल ओढून काढायला ते हाच दोन स्टेजचा पंप लावतात. त्यासोबत मायक्रॉन गेजही मिळाला, म्हणजे आत उरलेल्या हवेचा दाब मोजणारं यंत्र. बाहेरची हवा या गेजच्या भाषेत ७,६०,००० मायक्रॉन भरते. एसीच्या कामात ५०० च्या खाली उतरलं की भाऊजी समाधानी.

माती उमरेड रोडच्या एका क्रशरवरची, काळ्या दगडाची चुरी. चंद्रावर जे काळे डाग दिसतात तोही बसाल्टच, म्हणून निदान दगड तरी जातभाई मिळाला. चांद्रयानाच्या चाचण्यांसाठी इस्रोने तमिळनाडूतला अॅनॉर्थोसाइट दळून घेतला होता, कारण चंद्राचा उजळ, डोंगराळ भाग त्या जातीच्या खडकाचा आहे. कोराडीच्या वीज केंद्राची राख वापरू, असं एकाने सुचवलं. ती बारीक असते हे खरं, पण तिचे कण गोल असतात, वितळून थेंबासारखे झालेले. चंद्राची धूळ काचेच्या चुऱ्यासारखी टोकदार. तिथे वारा नाही, पाणी नाही, मग कडा घासणार कोण? म्हणून चुरीच घेतली.

१२ एप्रिल, रविवार

पहिल्यांदा व्हॅक्यूम मारला. गेज ९,००० वर येऊन थबकला. पंप बंद केला की काटा सरसर वर. म्हणजे गळती.

रिंगला ग्रीस लावलं, झाकण फिरवून बसवलं, वेल्डिंग तपासलं. दोन तास यात गेले. शेवटी भाऊजींनी थर्मोकपलच्या, म्हणजे मातीचं तापमान मोजणाऱ्या तारांच्या, वायरीवर बोट ठेवलं. भांड्याला भोक पाडून वायरी आत घेतल्या होत्या आणि भोक इपॉक्सीने पक्कं बुजवलं होतं. इपॉक्सी चांगली होती. हवा येत होती ती वायरीच्या पोटातून! प्लास्टिकच्या वेष्टणात तारेचे बारीक पेड असतात, त्या पेडांमधल्या फटींतून. "वहिनी, हे पाइपच झालं ना मग," भाऊजी म्हणाले. वायरीचं वेष्टण दोन सेंटिमीटर सोललं, पेड मोकळे केले, प्रत्येक पेडाला इपॉक्सी लागेल असं बघून भोक पुन्हा भरलं. चोवीस तास वाळू द्यायचं.

१४ एप्रिल, मंगळवार

आज जयंती. दीक्षाभूमीकडे सकाळपासून माणसांची रीघ. निम्मी मुलं तिकडे, काम बंद.

१५ एप्रिल, बुधवार

गळती गेली. गेज ९०० पर्यंत उतरला. दोन्ही भांड्यांत चुरी, एक थर्मोकपल अगदी वरच्या थरात आणि दुसरा पाच सेंटिमीटर खोल. दुपारी बारा ते दोन उन्हात.

फरक असा की नसल्यातच जमा. हवेच्या भांड्यात वर ६४, खाली ४४. निर्वात भांड्यात वर ६६, खाली ४३. मधल्या टप्प्यावर, म्हणजे निम्मी हवा काढून अर्धा तास थांबलो होतो, तेव्हा तर दोन्ही भांडी जुळ्या भावंडांसारखी चालत होती.

"मॅडम, हवा तं काढली ना आपण, मंग काहून नाही बदललं?"

माझ्याकडे आज उत्तर नव्हतं आणि तसं मी त्यांना सांगितलं.

१९ एप्रिल, रविवार

चार दिवस यातच होते. उत्तर सापडलं, आणि सगळ्या प्रकल्पात मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

मातीत उष्णता खाली जायला दोन वाटा असतात. एक, कण कणाला जिथे टेकतो त्या टोकातून. पण दगडाचे कण एकमेकांना टेकतात ते अगदी सुईच्या अग्रावर, त्यामुळे ती वाट अरुंद. दुसरी वाट कणांमधल्या पोकळीतल्या हवेतून. कोरड्या मातीत बहुतेक उष्णता याच वाटेने जाते. आपण माती तापली म्हणतो, पण तिच्यात उष्णता वाहून नेणारी असते ती हवा.

मग निम्मी हवा काढल्यावर वाहतूक निम्मी का होत नाही? हमालांचं उदाहरण घेतलं. निम्मे हमाल काढून टाकले, पण गर्दी कमी झाल्याने उरलेला प्रत्येक जण न धडकता दुप्पट पल्ला मारतो. माल तेवढाच पोचतो. नेहमीच्या हवेत एक रेणू दुसऱ्याला धडकण्याआधी जेमतेम मिलिमीटरचा पंधरा हजारावा भाग चालतो. दाब हजारपट कमी केला, म्हणजे गेजवर ७६० आलं, की तो ०.०७ मिलिमीटरच्या आसपास चालतो. पल्ला वाढत वाढत दोन कणांमधल्या पोकळीपेक्षा मोठा झाला की मात्र गणित मोडतं. आता रेणू रेणूला धडकत नाही, थेट समोरच्या कणावर आपटतो. पल्ला आणखी वाढायला जागाच उरत नाही. तिथून पुढे हमाल कमी केले की माल खरोखर कमी पोचतो.

आमच्या चुरीत वाटाण्याएवढे खडेही होते. पोकळ्या मिलिमीटरच्या. ९०० मायक्रॉनवर रेणूचा पल्ला त्या पोकळीच्या पाव भागाएवढाही नव्हता, म्हणून काहीच बदललं नाही. चंद्राच्या मातीचा सरासरी कण ०.०७ मिलिमीटरच्या आसपास, साधारण केसाच्या जाडीचा. म्हणजे पंप बदलायची गरज नाही. माती बारीक करायची.

हे वाचताना एक गोष्ट हाती लागली. पोलंडचे भौतिकशास्त्रज्ञ स्मोलुखोव्स्की यांनी १९१० च्या सुमारास हेच केलं होतं : वेगवेगळ्या भुकट्या घ्यायच्या, हवा काढत जायची आणि उष्णता किती वाहते ते मोजायचं. त्यांच्या डोळ्यापुढे चंद्र नव्हता. पुढे १९४८ मध्ये डच खगोलशास्त्रज्ञ वेसेलिंक यांनी ती मापं चंद्राला लावली. त्याचं ग्रहणाशी असलेलं नातं पुढच्या एका प्रयोगाच्या दिवशी मुलांना सांगेन, आत्ता नाही.

२३ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी अर्धा चंद्र. मानेवाड्याच्या गच्चीवर चार इंची दुर्बीण लावली. प्रत्येकाला एकच प्रश्न दिला होता : उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर काय दिसतं?

आपल्याकडे सूर्य मावळला तरी वीस-पंचवीस मिनिटं पायाखालचं दिसतं, कारण वरची हवा उजेड खाली पसरवत राहते. चंद्राच्या सीमारेषेवर संधिप्रकाश नाही. खड्ड्यांच्या सावल्या काजळ ओतल्यासारख्या, आत काही दिसत नाही. सीमेपलीकडच्या पूर्ण काळोखात एखादं शिखर एकटंच ठिणगीसारखं चमकत होतं. तिथे ऊन नुकतं टोकाला लागलेलं, पायथ्याला अजून रात्र. एक मुलगा बराच वेळ डोळा लावून बसला आणि म्हणाला, "मॅडम, तिथं ऊन नाही तं काहीच नाही." वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवते आहे.

हवा टिकली का नाही, याचा हिशेब दहावीच्या एका मुलीने केला. चंद्रावरून सुटायचा वेग सेकंदाला २.३८ किलोमीटर, पृथ्वीवरून ११.२. चंद्राच्या दुपारी हायड्रोजनचा रेणू सरासरी २.२ किलोमीटर वेगाने धावतो, म्हणजे दारातच उभा. नायट्रोजन जड, त्याचा वेग ०.६. मग तो राहायला हवा, असं तिचं म्हणणं. पण सगळे रेणू सरासरीने चालत नाहीत, काही फार पुढे धावतात. कोट्यवधी वर्षं टिकायचं तर सरासरी वेग सुटायच्या वेगाच्या साधारण सहाव्या भागाच्या आत हवा. चंद्रासाठी तो आकडा ०.४ येतो. नायट्रोजन त्यात बसत नाही. त्यात सूर्याकडून येणारा कणांचा मारा अडवायला चुंबकीय कवचही तिथे नाही.

मूळचा बुलढाण्याचा एक मुलगा म्हणाला, लोणारही दगड आदळूनच झालंय, मग ते असं कोरं का दिसत नाही? लोणारचं विवर बसाल्टमधलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. पण त्याच्या काठावर पाऊस पडतो, झरे वाहतात, झाडं मुळं घालतात, काठ दर पावसाळ्यात थोडा खाली येतो. चंद्रावर अब्जावधी वर्षांची विवरं उभी आहेत. त्यांना झिजवणारं काही असलंच तर बारीक उल्कांचा मारा.

२५ एप्रिल, शनिवार

चुरी खलबत्त्यात कुटली, मैद्याच्या चाळणीने चाळली, मग जुन्या सुती साडीच्या पदरातून वस्त्रगाळ केली. तोंडाला मास्क बांधूनच, कारण दगडाची ही धूळ फुप्फुसाला वाईट. अपोलोच्या अंतराळवीरांच्या पोशाखाला चिकटून आलेल्या धुळीने त्यांना शिंका आणि डोळ्यांची आग झाली होती, ती यापेक्षाही टोकदार होती. दोन्ही भांड्यांपुरती वस्त्रगाळ काढायला पाच जणांना पूर्ण सकाळ लागली.

दुपारी एक चूक झाली, ती माझी. व्हाल्व्ह एकदम उघडला. मातीच्या पोटात अडकलेली हवा वर उसळली आणि सगळा थर दूध उतू जावं तसा फुगून झाकणाला लागला. थोडी धूळ पंपाच्या नळीत गेली. भाऊजी काही बोलले नाहीत, मुकाट्याने तेल बदललं आणि नळीच्या तोंडाला कापडाची घडी बांधली. आता व्हाल्व्ह केसभर उघडायचा आणि दहा मिनिटं तिथेच थांबायचं.

तरी गेज २,००० च्या खाली उतरेना. गळती नव्हती, ओल होती. माती वाळलेली दिसत होती, पण कणाकणाला चिकटलेलं पाणी दाब कमी झाला की वाफ होऊन निघत राहतं. सगळी माती लोखंडी कढईत तासभर परतली. घरभर पहिल्या पावसासारखा वास.

२६ एप्रिल, रविवार

गेज : ३००.

दुपारी बारा ते दोन. गच्चीवर सावलीतला पारा ४२. सुरुवातीला दोन्ही भांड्यांत माती ३६ अंशांवर, कारण रात्रभर घरात ठेवली होती.

हवेचं भांडं : वर ६७, पाच सेंटिमीटर खाली ४६.
निर्वात भांडं : वर ८४, पाच सेंटिमीटर खाली ३८.

मी तीनदा मीटर बदलून बघितला, वायरींची अदलाबदल करून बघितली. आकडे तेच. एकच ऊन, एकच दगड, एकच चाळणी. हवा गेली तर वरचा थर सतरा अंशांनी जास्त तापला आणि खालच्याला पत्ताच लागला नाही.

मुलांना मग विक्रम लँडरचा आलेख दाखवला. २३ ऑगस्ट २०२३ ला तो उतरल्यावर चास्टे नावाची सळई चंद्राच्या मातीत दहा सेंटिमीटरपर्यंत गेली. तिच्यावर दहा तापमापक होते. वरच्या थरात पन्नास अंशांच्या वर आणि आठ सेंटिमीटर खाली उणे दहा. हातभरही नाही, चार बोटं खाली गेलं की उन्हाळ्यातून बर्फात. अपोलो १५ आणि १७ च्या वीरांनी याहून खोल सळया घातल्या होत्या. साधारण मीटरभर खाली दिवस-रात्रीचा फरक उरतच नाही, बारा महिने उणे वीसच्या आसपास. तिथे पुढेमागे कुणी घर बांधणार असेल तर ते मातीखालीच असेल, असं मुलांनी स्वतःहून काढलं.

आमचं भांडं म्हणजे चंद्र नव्हे, हेही वहीत लिहून घेतलं. आमच्या ३०० मायक्रॉनपेक्षा चंद्राचं निर्वात अब्जावधी पटींनी विरळ आहे. शिवाय अॅक्रिलिकचं झाकण मातीतून निघणारी उष्णता अडवतं, चंद्रावर ती सरळ आकाशात जाते.

२८ एप्रिल, मंगळवार

आज प्रयोग नाही, पण एका प्रश्नावर तास गेला. चंद्राच्या सावलीत माणूस उभा राहिला तर लगेच गोठेल का?

नाही. थंडी अंगाला लागते ती हवेमुळे. ती आपली ऊब काढून नेते आणि नवी गार हवा जागेवर आणते. निर्वातात ऊब फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपाने जाते आणि ते काम हळू चालतं. थर्मासमधला चहा तासन् तास गरम राहतो तो याचमुळे. अपोलोच्या वीरांची खरी अडचण उलटी होती. चालणाऱ्या माणसाचं अंग सतत तापतं आणि ती उष्णता घालवायला बाहेर हवाच नाही. त्यांच्या अंगात बारीक नळ्यांचं जाळं शिवलेले कपडे असत आणि त्यांतून पाणी फिरे. ते पाणी पाठीवरच्या पेटीत गार होई. तिथे सच्छिद्र धातूची पट्टी होती. वेगळं थोडं पाणी तिच्यातून बाहेर झिरपायचं, निर्वातात आल्याबरोबर गोठायचं, आणि त्या बर्फाची थेट वाफ होताना उष्णता ओढली जायची.

"म्हणजे कूलरच ना!" मागच्या बाकावरून आवाज आला. अगदी तेच. आपल्या कूलरच्या ताट्यांमधलं पाणी हवेत उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. तिथे पंखा नाही, ताट्यांच्या जागी धातूची पट्टी आणि पाण्याच्या जागी बर्फ. नागपूरच्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही.

१ मे, शुक्रवार

सकाळी झेंडावंदन झाल्यावर मुलं थेट गच्चीवर आली. आजच्या कामाला आम्ही ग्रहण नाव दिलं होतं. दोन्ही भांडी दोन तास उन्हात तापवायची आणि मग एका फटक्यात वरून प्लायवूडचा तक्ता धरायचा. तक्त्याच्या खालच्या बाजूला चांदीचा कागद लावणार होतो, पण तो मातीची उष्णता परत मातीवरच फेकेल, हे त्या ३ मार्चवाल्या मुलीच्या लक्षात आलं. कागद काढला.

दर तीस सेकंदांनी एक जण मोठ्याने आकडा वाचत होता, दुसरा लिहीत होता. तीन मिनिटांत हवेच्या भांड्याचा वरचा थर ६६ वरून ५३ वर आला. निर्वात भांड्याचा ८३ वरून ५६ वर. तेरा अंश आणि सत्तावीस. हवेच्या भांड्यात वरचा थर गार व्हायला लागला की खालची साठवण त्याला उष्णता पुरवत राहते. निर्वात भांड्यात खालून येणारी वाट बंद, वरच्या पातळ कातडीत जेवढं साठलं होतं तेवढंच, ते संपलं की संपलं.

मग राखून ठेवलेली गोष्ट सांगितली. १४ जून १९२७ च्या चंद्रग्रहणात पेटिट आणि निकोल्सन या दोन खगोलशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या मोठ्या दुर्बिणीला थर्मोकपल जोडून चंद्राच्या एका ठिकाणाचं तापमान मोजलं. सावली चढत गेली तसं ते तासाभरात दीडशेहून जास्त अंशांनी खाली गेलं. चंद्राची रात्र दोन आठवड्यांची असते म्हणून तो एवढा गारठतो, हे अर्धं खरं. इथे तर तासाभराची सावली पुरली. नुसता खडक इतक्या लवकर गार होणं शक्य नाही. वेसेलिंक यांनी स्मोलुखोव्स्कींच्या भुकटीची मापं समोर ठेवली आणि सांगितलं, वर खडक नसून निर्वातातली बारीक धूळ असली पाहिजे. माणूस तिथे उतरला त्याच्या एकवीस वर्षं आधी.

हे सांगत असताना ती मुलगी वही मांडीवर घेऊन आलेख काढत होती. मान वर न करता तिने विचारलं, "मॅडम, त्यांच्या थर्मोकपलची वायर कशी असंन, आपल्यावाणी सोललेली का?" त्यांचा थर्मोकपलही निर्वात डबीत बसवलेला होता, एवढं मी सांगू शकले.

रात्री पौर्णिमा होती. भांडी गच्चीवरच होती. साडेआठला निर्वात भांड्याचा गेज पाहिला : १,१००. सिलिकॉनची रिंग एका बाजूने थोडी उकललेली दिसते आहे, उद्या भाऊजींना दाखवायची.